घरातल्या माणसाला फाशी सुनावली तर काय करायचं: त्याचं आयुष्य कागदावर आणायची पद्धत

सेशन कोर्टानं फाशी सुनावली की गावात दोनच गोष्टी होतात, एक तर घरचे लोक दार लावून बसतात, नाहीतर कोणीतरी येऊन सांगते की दोन एकर विकून टाका, नागपूरला मोठा वकील पाहू, माझी ओळख आहे. यातलं काहीच करू नका. सेशन कोर्टाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येऊच शकत नाही, अन् आपल्या विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी ते हायकोर्ट म्हणजे नागपूर खंडपीठ. तिथे दोन न्यायमूर्ती पूर्ण पुरावा पुन्हा तपासतात अन् मग फाशी कायम करायची, जन्मठेप द्यायची, सोडून द्यायचं की केस पुन्हा चालवायला लावायची हे ठरवतात. म्हणजे वेळ आहे, फक्त त्या वेळात घरच्यांनी काय करायचं हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत स्वयंसेवक आहे, वकील नाही, त्यामुळे कलमांचा कीस मी काढणार नाही, ते काम वकिलाचं. मला एकच गोष्ट सांगायची आहे अन् ती जीव तोडून सांगायची आहे. खून कसा झाला, कोणत्या हत्यारानं झाला, रक्त कुठे सांडलं हे चार्जशीटमध्ये पानोपानी असते, पण तो माणूस खून होईपर्यंत कसा जगला हे एकाही पानावर नसते. पोलीस ते गोळा करत नाहीत, सरकारी वकील ते आणत नाही, अन् आरोपीच्या वकिलाला गाव माहीत नसते. ते आणू शकतात फक्त घरचे अन् गावचे लोक.

याचा कायद्यात उपयोग काय, असं कोणी पण विचारेल. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये बचन सिंग केसमध्ये सांगितलं की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्येच, अन् ठरवताना गुन्ह्यासोबत गुन्हेगार माणूसही पाहायचा. पण कितीतरी कोर्टांत दोषी ठरवल्यावर वकील उठून दोन वाक्यं बोलायचा की आरोपी तरुण आहे, म्हातारी आई आहे, दया करावी, अन् तेवढ्यावर निकाल. मग मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं यादीच दिली की काय काय पाहायचं: वय, लहानपण कसं गेलं, घरात मारझोड होती का, शिक्षण किती, गरिबी किती, काय काम करायचा, आधीच्या केसेस, मानसिक आजार, अन् जेलमधली वागणूक. अन् हे पण सांगितलं की सरकारनं ही माहिती खालच्या कोर्टातच आणावी.

आपल्या नागपूरचीच केस घ्या. वाडी भागातल्या चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून खून, २००८ सालची. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये फाशी कायम केली, २०१७ मध्ये फेरविचारही फेटाळला, दयेचा अर्ज पण नामंजूर झाला, म्हणजे सगळी दारं बंद. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मनोज केसप्रमाणे याच्या आयुष्याची माहिती तपासलीच गेली नाही, म्हणून शिक्षेपुरती सुनावणी पुन्हा व्हायला पाहिजे. इतक्या शेवटच्या टोकावरही हे कागद मोजले जातात.

एक गोष्ट मात्र आधीच बोलून टाकतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांचं दुःख तुमच्या दुःखापेक्षा मोठं आहे. खैरलांजीच्या केसमध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली अन् २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली, तेव्हा लोकांना किती राग आला होता ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, अन् तो राग खोटा नव्हता. म्हणून त्या घरच्यांकडे जाऊन समेट करा, पैसे घ्या असं काही बोलू नका, साक्षीदाराच्या वावरातही पाय ठेवू नका. आपण इथे गुन्हा धुवायला बसलो नाही, जे खरोखर घडलं होतं ते कोर्टापुढे ठेवायला बसलो आहोत.

पहिल्या आठवड्यातली कामं

निकालाची नक्कल आरोपीला फुकट मिळते, फाशीच्या केसमध्ये तर अर्ज न करताही द्यावी लागते, तिची झेरॉक्स घरी ठेवा. हायकोर्टात अपिलाची मुदत ३० दिवस. केस कन्फर्मेशनसाठी, म्हणजे फाशी कायम करायची की नाही ते ठरवायला, आपोआप हायकोर्टात जाते, पण म्हणून अपील करायचं सोडू नका, दोन्ही एकत्र चालते. पुढे सुप्रीम कोर्टात जायला ६० दिवस.

वकिलासाठी जमीन विकू नका बाप्पा. जेलमध्ये असलेल्या माणसाला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अन् बाईमाणसाला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असते, हायकोर्टासाठी नागपूर खंडपीठात वेगळी विधी सेवा समिती आहे, अन् काहीच समजलं नाही तर १५१०० नंबर लावा. मोफत वकील म्हणजे हलका वकील असं लोक म्हणतात, पण वकील फुकटचा असो की लाखाचा, त्याच्या हातात कागद नसले तर तो बोलेल कशावर? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६ चा अहवाल आहे, देशातल्या फाशीच्या कैद्यांपैकी चारात तीन गरीब घरचे निघाले. वावर विकून ही गोष्ट बदलत नाही. अन् जो म्हणते की वर सेटिंग आहे त्याला चहा पण पाजू नका.

आयुष्य लिहायला कसं बसायचं

एक दोनशे पानी वही घ्या. घरातलं लिहिता येणारं पोरगं किंवा पोरगी बसवा अन् आईपासून सुरू करा. आई नसेल तर मोठी बहीण, आत्या, मामा, जो कोणी त्याला लहानपणापासून ओळखते तो. सालं आठवणार नाहीत, त्याची चिंता नको. आपल्याकडे लोक साल नाही सांगत, नापिकीचं वर्ष सांगतात, बैल मेला ते सांगतात, मोठीचं लग्न सांगतात, तसंच लिहा, साल नंतर कागदावरून जुळवता येते. एका बैठकीत होणार नाही. पहिल्या दिवशी सगळे म्हणतात पोरगा चांगला होता, कोणाच्या अध्यात न मध्यात. खरं दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत निघते, की बाप दारू पिऊन याला खुंट्याला बांधून मारायचा, की हा सहा वर्षांचा असताना आईनं अंगावर रॉकेल ओतलं होतं अन् यानं पाहिलं होतं. रडू येऊ द्या, पण लिहा. बाई एकटी असताना जे सांगते ते दीर-सासऱ्यासमोर सांगत नाही, म्हणून तिच्याशी वेगळं बसा.

समजा एक पोरगा आहे. माय बाळंतपणात गेली, बापानं दुसरी केली, पोरगं आश्रमशाळेत टाकलं, तिथून पाचवीत पळून आलं, मग गुरं राखली, मग जिनिंगमध्ये, मग विटाभट्टीवर, तेराव्या-चौदाव्या वर्षी मोहाची दारू लागली, दरम्यान बंडीवरून पडून डोक्याला मार लागला अन् तेव्हापासून फिट यायला लागल्या, बापानं कर्जापायी एन्ड्रीन घेतलं, मग लग्न, बायको माहेरी निघून गेली, अन् पुढे एका रात्री भांडणात कुऱ्हाड. कोर्टात हे सगळं नुसतं तोंडानं सांगितलं तर ती गोष्ट होते, प्रत्येक ओळीमागे एक कागद लागते, अन् यातले बहुतेक कागद तालुक्यातच कुठे ना कुठे धूळ खात पडलेले असतात.

मायच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत, जुना असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल पंजी शोधा. आश्रमशाळेचं हजेरीपत्रक अन् शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, त्यात कधी घातलं, कधी नाव काढलं अन् कशामुळे काढलं ते असते, सतत गैरहजर असा शेरा असेल तर तो पण तुमच्या कामाचा आहे. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. डोक्याच्या माराचा अन् फिटचा पुरावा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडी रजिस्टरमध्ये, ग्रामीण रुग्णालयाच्या चिठ्ठीवर, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर पण असते. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये कधी नेलं असेल तर तो केस पेपर नंबर सोन्यासारखा जपा. देवाला नेलं असेल, भगताकडे नेलं असेल, तर ते पण लिहा अन् सोबत कोण गेलं होतं त्याचं नाव लिहा, कारण आपल्याकडे डोक्याचा आजार डॉक्टरच्या आधी भगताला माहीत होते. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये शिक्षेनंतर जेलमध्ये झालेल्या गंभीर मानसिक आजारावरून पण फाशी उतरवली आहे, त्यात आरोपीचं नाव सुद्धा छापलं नाही.

बापाच्या आत्महत्येचा कागद लोक विसरतात, अन् विदर्भात तोच सगळ्यात जास्त घरांत सापडतो. शेतकरी आत्महत्या झाली की तहसीलमध्ये एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण तयार होते, पात्र ठरो की अपात्र, फाईल असते. तिच्यात पंचनामा, पोस्टमॉर्टेम, बँकेचं नाहीतर सोसायटीचं कर्ज, सातबारा, घरात किती माणसं, कोणाचं वय किती, सगळं एका जागी मिळते. अपात्र ठरलेलं प्रकरण असेल तर लोक रागानं कागद फेकून देतात, पण फाईल तहसीलला राहते, माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून, अन् मिळाली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स. एखाद्या घरातला पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा होता अन् बापाला झाडावरून खाली घ्यायला तोच होता, हे पंचनाम्यात एका ओळीत लिहिलेलं सापडू शकते अन् ती ओळ दुसरीकडे कुठेच नसते.

कामाचे कागद कमी मिळतात. रोजगार हमीचं जॉबकार्ड पाहा, जिनिंगवाला किंवा भट्टीवाला लिहून देत असेल तर घ्या. नाही दिलं तर सोबत काम केलेल्या माणसाचं शपथपत्र चालते.

वय, हे सगळ्यात आधी तपासा

गुन्ह्याच्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर फाशी होऊच शकत नाही, अन् हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर काढता येते, सुप्रीम कोर्टानं निकाल देऊन झाल्यावर सुद्धा. पोलीस अटकेच्या वेळी अंदाजानं वय लिहितात, पोरगं अंगानं थोराड असलं की वीस-बावीस, अन् घरच्यांना पण नक्की माहीत नसते.

पुण्यात १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला होता, त्यात फाशी झालेल्या एका पोराचं वय रेकॉर्डवर विशीचं लागलं. तो राजस्थानचा, कोर्टाच्या कागदांवर नाव पण वेगळं पडलेलं. बिकानेर जिल्ह्यातल्या गावच्या शाळेचं रजिस्टर निघालं तेव्हा समजलं की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडायला सांगितलं, तोवर २८ वर्षं जेलमध्ये निघून गेली होती, अन् तो आपल्या नागपूरच्या सेंट्रल जेलमध्येच होता. शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ.

कायद्यात क्रम ठरलेला आहे, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायत नाहीतर नगरपालिकेचा जन्मदाखला, तो पण नसेल तरच हाडाची तपासणी. आधारवरची तारीख या क्रमात येत नाही, आपल्याकडे अर्ध्या गावाची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी आहे. अन् खबरदार, सेतूवाल्याला पैसे देऊन मागच्या तारखेचा दाखला बनवू नका. तो पकडला गेला की खरे कागद पण खोटे वाटायला लागतात अन् बनवणारा आत जातो तो वेगळाच.

पारधी बेड्यावरच्या लोकांसाठी हे सगळ्यात अवघड आहे. जन्म पालावर झालेला, शाळा दोन वर्षं इकडे अन् एक वर्ष तिकडे, कुठे काही लागलेलं नाही. तरी हार मानू नका, प्रत्येक शाळेत विचारा, लसीच्या कार्डापासून भावंडांच्या दाखल्यापर्यंत सगळं आणा, मोठ्या भावाचं वय ठरलं तर धाकट्याचं आपोआप बांधलं जाते. महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना सुप्रीम कोर्टानंच २००९ मध्ये फाशी ठरवली होती, त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला, अन् मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला लावली, तोपर्यंत सोळा वर्षं गेली होती. म्हणून त्यानंच केलं असं पूर्ण गाव म्हणत असलं तरी केसचे मूळ कागद वाचायला वकिलाला भाग पाडा.

काय लपवायचं नाही

दारू प्यायचा, तर लिहा. बायकोला मारायचा, तर लिहा. आधी चोरीची केस होती, तर ती वकिलाला तुमच्याच तोंडून समजली पाहिजे, सरकारी वकिलाच्या तोंडून नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नका, ती बाईच तशी होती असं घरचे लोक हमखास बोलतात अन् न्यायमूर्तींना सगळ्यात जास्त तेच खटकते. चांगलं पण लिहा, पण खरं चांगलं, म्हणजे लकवा झालेल्या आजीला यानं किती वर्षं उचलून बसवलं हे सांगणारे दोन शेजारी, नुसतं स्वभावानं प्रेमळ याला काही किंमत नाही. सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी यांनी छापील नमुन्यावर एकसारखं लिहून दिलं तर ते कोणी वाचत नाही. गुरुजींना म्हणा, तुम्हाला तो वर्गात कसा आठवते तेवढंच तुमच्या अक्षरात लिहा.

जेलमध्ये असताना

फाशीचे कैदी बहुतेक नागपूरला किंवा येरवड्याला ठेवतात, महाराष्ट्रात फाशीची सोय याच दोन जेलांत आहे. मुलाखतीला आधार अन् नात्याचा पुरावा लागते, निघायच्या आधी वार अन् वेळ विचारून घ्या, मेळघाटातून किंवा भामरागडवरून येऊन गेटवरून परत जाणं फार जिवावर येते. शिक्षा पूर्णपणे अंतिम होईपर्यंत त्याला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सुनील बत्रा केसमध्ये सांगितलेलं आहे, तसं ठेवलं असेल तर वकिलाला कळवा. भेटीत त्याला सांगा की आत जे करतो त्याचा कागद झाला पाहिजे, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर, वाचायला शिक, सुतारकाम मिळालं तर कर, डॉक्टरला झोप येत नसल्याचं सांग अन् ते लिहून घ्यायला लाव. तो सुधारू शकतो की नाही हे कोर्ट या कागदांवरून पाहते. अन् भेटायला जात राहा. घरचे येतात की नाही याची नोंद मुलाखतीच्या रजिस्टरमध्ये होते, ती पण पुढे कामात येते, अन् नसती आली तरी जायला पाहिजे होतं.

दयेचा अर्ज

सुप्रीम कोर्टात हरलं की जेलर लेखी कळवते, तिथून ३० दिवसांत दयेचा अर्ज. नव्या कायद्यात (२०२३ ची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) अर्ज आधी राज्यपालांकडे, त्यांनी फेटाळला की ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. कैद्याशिवाय नातेवाईकाला पण करता येते. कोर्टात जे जमा केलं ते सगळं याच्यासोबत जोडा, वहीतलं पण.

अर्ज दिल्यावर एका डायरीत तारखा लिहा, कधी दिला, पोच कधी आली, कुठून काय विचारलं. कारण विनाकारण उशीर झाला तर त्याच मुद्द्यावर फाशी उतरते. पुण्याच्या बीपीओमधल्या तरुणीच्या २००७ च्या खुनात दोघांच्या फाशीची तारीख २४ जून २०१९ ठरली होती, पुढच्याच महिन्यात मुंबई हायकोर्टानं उशिरावरून ती ३५ वर्षांच्या कैदेवर आणली, अन् डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं.

राष्ट्रपतींनी पण फेटाळलं तर २०१४ चा शत्रुघ्न चौहान निकाल लक्षात ठेवा: फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस मिळाले पाहिजेत, घरच्यांना लेखी कळवलं पाहिजे, शेवटची भेट दिली पाहिजे, अन् वकील तेव्हाही फुकट मिळतो. म्हणून जेलच्या रेकॉर्डवर घरच्या दोन माणसांचे चालू मोबाईल नंबर अन् पूर्ण पत्ता आजच लिहून द्या, गाव, पोस्ट, तालुका सगळं, नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. पत्र आलं की त्याच रात्री वकिलाला फोन करा, उजाडायची वाट पाहू नका, याकूब मेमनच्या वेळी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं रात्रभर सुनावणी घेतली होती अन् ३० जुलैच्या सकाळी नागपुरात फाशी झाली. अंत्यविधी घरी करायचा असेल तर मृतदेहासाठी जेल सुपरिंटेंडेंटच्या नावानं वेगळा अर्ज लागते, मिरवणूक काढणार नाही असं त्यात लिहून द्या. याकूबचा मृतदेह घरच्यांना देऊन मुंबईत दफन झाला, पण कसाबला २०१२ मध्ये येरवड्यातच पुरलं, म्हणजे मिळेलच असं धरून चालू नका, अर्ज शेवटच्या भेटीच्या आधीच द्या अन् त्याची पोच घ्या.